मागच्या सीटवरचे आमचे हे

माझ्या स्कूटरची मागची सीट आता रिकामी दिसते ना, पंच्याण्णव सालाच्या सुमारास ती आमच्या ह्यांची होती.

भुंगे ओळखायला मी माझी मीच शिकले, स्कूटरही. रविवारी गास गावच्या शेतांकडे निघायचं, भिंग सांभाळत हे मागे.

एकदा तिथल्या चहाच्या टपरीवर ह्यांच्या ऑफिसातले नाईक हसले, “काय राव, बायकोच्या मागे?”

ह्यांचं तोंड उतरलं. मला म्हणाले, “परतताना मी रिक्षाने जाईन.”

शेतात मी एक शेणकिडा उलटा करून भिंगाखाली धरला. पोटाला बारीक तांबूस माइट, गोचिडीसारखे जीव, चिकटलेले.

“रक्त पितात त्याचं?”

“छे. त्यांना पंख नाहीत, म्हणून पुढच्या शेणापर्यंत ह्याच्यावर नुसते बसून जातात.”

परतताना नाईक टपरीवरच होते. हे त्यांच्यादेखत ऐटीत मागे बसले.

“मला पंख नाहीत, नाईक. चल गं, पुढचं शेण गाठू.”