चिंगीची खरी शुगर

शुगरचं काय घेऊन बसलात, आमच्या चिंगी मांजरीचं ऐका! तिला इन्सुलिन आई स्वतः टोचते. परवा दवाखान्यात तपासलं, तर शुगर भरमसाट.

डॉक्टर म्हणाले, “अम्मा, इंजेक्शनं चुकवलीत?”

आई भडकली. “अय्यो, भेदरलीय ती! भीतीनं मांजराची शुगर चढते, तुम्हीच सांगितलं होतं. मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट करा.”

रिपोर्ट आला, एकदम झकास! डॉक्टरांनी आईला हात जोडले.

घरी अप्पा, उद्या स्वतःची शुगर तपासायची म्हणून, आजच्यापुरती गोड चिरोटी सोडून बसले होते. आईनं रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला.

“अहो, तुम्हीही उद्या अशीच सरासरीची टेस्ट करा, ती आदल्या दिवसाच्या पथ्यानं फसत नाही. माझी चिंगी पास झालीय!”