रेडिओ फेकायच्या आधी

— मान हलवू नकोस पोरी, पिन टाळूत घुसेल, आणि मग तुझे दिग्दर्शकसाहेब म्हणतील, हिरोच्या खऱ्या पहिल्या बायकोने सूड उगवला! तर काय म्हणत होतीस — सिनेमात मी दोनदा आहे? दोनदा! अगं, चैन आहे माझी. एकदा रडायचं आणि एकदा रेडिओ खिडकीतून फेकायचा. इतकी वर्षं टोलेडोतल्या बायकांचे केस कुरळे करतेय, मला वाटलं होतं जन्म फुकट गेला — पण नाही, माझं काम करणाऱ्या नटीचे केस माझ्यासारखे हवेत, म्हणून तुला माझ्याच दुकानात पाठवलं. ह्याला म्हणतात काटकसर.

आणि वॉल्टर? हो, वॉल्टरच — तुमचा हिरो, गाणी लावणारा बझ मॅलरी तो रेडिओवर. घरी वॉल्टर मालिनोव्स्की, मोजे सापडत नाहीत म्हणून घर डोक्यावर घेणारा. तबकडी लावली की माइक चालू ठेवून टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीवर मुठी आपटायचा, गाण्याबरोबर — ते दाखवणार ना? दाखवणारच, त्यावर तर सगळं गाव खुळावलं होतं. आणि का आपटायचा म्हणे? 'रक्तातला ताल'! डोंबल रक्तातला. आमच्या लग्नात धड पोल्का नाचता आला नाही त्याला, माझ्या मावशीच्या पायाचं बोट मोडलं.

रेमंडसाठी आपटायचा तो. आमचा मुलगा — काय? तुमच्या कथेत नाही? माहितीये मला. साहेब फोनवर म्हणाले ना, अगदी साखर पेरून — 'नाचगाण्याच्या सिनेमात बहिरं पोर आलं की लोकांचे पाय थांबतात.' खरंय बाई, पाय महत्त्वाचे! संध्याकाळी जेवण टाकून रेमंड रेडिओच्या लाकडी पेटीला तळहात लावून बसायचा. गाणं त्याला काय कळणार? पण हाताखाली धपाधप सुरू झालं की खुदकन हसायचा — बाबा आला! मग बाबा न्यूयॉर्कला गेला, नवी नोकरी, नवी बायको — तरी हा आपला रोज पेटीला हात लावून बसलेला. आणि मी म्हणे तो रेडिओ फेकला! कशी फेकेन? त्याचा हात होता ना त्याच्यावर.

आता रेमंड छापखान्यात कामाला आहे. चांगलं चाललंय. पहिल्याच दिवशी जाणार म्हणतो सिनेमाला — आणि परवा विचारलं, हातांनीच, 'माझं काम कोण करतंय?' मी काय सांगणार? म्हटलं, आहे एक गोड पोरगा. झालं, छापखान्यात सगळ्यांना सांगत सुटलाय. मला काय त्याचं... मला काही नाही.

तू फेक बाई रेडिओ, तुझं काम आहे ते. फक्त फेकायच्या आधी एकदा त्याच्यावर तळहात ठेव. असा, सपाट. साहेबांना विचारू नकोस. कुणाच्या लक्षात येणार नाही, एकाला कळेल — अगं, डोळे कसले पुसतेस, काजळ ओघळेल! चल, सरक त्या ड्रायरखाली. आता मी काही बोलले तरी तुला ऐकू यायचं नाही.