पानाची खूण

जुनी शस्त्रं जमा करायच्या रांगेत म्हातारे मास्तर पुस्तकात डोकं घालून उभे होते, पण कान पुढच्या दोघांकडे होते. बाईंच्या हातात वारलेल्या वडिलांचं पिस्तूल होतं, लष्कराने मोडीत काढलेलं. शेजारी बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री होते.

"मिस्त्री, देऊन टाकण्याआधी एकदा बघा. भाऊ म्हणतो, भंगार आहे."

"नळीवर एक नंबर, मुठीवर दुसरा, वरच्या सरकत्या भागावर तिसरा. तीन मोडक्यांचं एक केलंय, ताई."

"म्हणजे वितळवायच्याच लायकीचं."

"थांबा. तिन्ही भागांवर हा एकच शिक्का बघा. जोडल्यावर चाचणीचे बार काढून पास केलंय. अशी सांधणी मला जन्मात जमली नाही. फट शोधून दाखवा."

"आणि चापाजवळ हे बारीक पान?"

"जोडणाऱ्याची खूण. लष्कराच्या दुरुस्ती डेपोत प्रत्येक फिटरची वेगळी असायची."

"बाबा डेपोतच होते. त्यांच्या सगळ्या कानशींवर हेच पान आहे. विचारलं की म्हणायचे, मी नुसतं तेल लावायचो."

"तेल लावून हे जमत असतं, तर मी आज सेनापती असतो."

बाईंनी पिस्तूल पुन्हा फडक्यात गुंडाळलं आणि त्या मागे वळल्या.

"काका, तुम्ही पुढे व्हा. परवाना नावावर करून घ्यायची खिडकी कुठली हो?"