कुलूप निघालं ते शोकसभेसाठी

मंडळींनो, बायांनो,

इतके सगळे जमलात. बोलणं जड जातंय. शब्द सुचत नाहीत म्हणून नव्हे. फार सुचताहेत, आणि त्यांतले निम्मे शोकसभेत बोलण्यासारखे नाहीत.

आपण बसलो आहोत तो गावाचा हॉल आज सकाळी उघडला. दोन पावसाळ्यांनंतर. कोणासाठी उघडला? तो उघडा म्हणून जिने हॉल समितीच्या अध्यक्षांच्या अंगणात चपला झिजवल्या, तिच्यासाठी. आनंदीसाठी. तुमच्या आनंदीवयनीसाठी. ती गेली, तेव्हा किल्ली सापडली.

मी मुंबईच्या इस्पितळात नर्स होते. तेव्हा सुट्टीत यायचे, आता निवृत्त होऊन कायमची आले. आनंदी माझी शेजारीण. नवरा बोटीवर, मूलबाळ नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी हा हॉल बांधला, तेव्हा चिरे डोक्यावरून वाहिले ते बायकांनी. सगळ्यांत पुढे आनंदी. मला म्हणाली, "गो नर्सबाई, इंजेक्शन देतस त्या हातान चिरो उचल बघू!" मी उचलला. नंतर किती तरी दिवस मान वळत नव्हती.

उद्घाटनाला देवाला गाऱ्हाणं घातलं. गावाचे मानकरी म्हणून गावकार नारळ घेऊन उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! गावान आज ह्या घर बांधल्यान. हयसर लहानथोर, बायल-पुरुष सगळे येतले, बसतले, हसतले. कोणाक आडकाठी होवक नये रे म्हाराजा!"

आणि सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!" अध्यक्षांचा आवाज सगळ्यांत मोठा. मी ख्रिस्ती, तरी मीही ओरडले. पाद्रींना आजवर सांगितलेलं नाही.

दुपारची वेळ बायकांची. रेडिओ, कॅरम, पावसाळ्यात फुगडी. आठवतं ना? घरात सासूसमोर ज्यांना हसता येत नसे, त्या इथे हसायच्या. आनंदी तर राणी घेतली की नाचायची. एवढंच होतं. एक कॅरमबोर्ड, आणि हसायला चार भिंती.

मग हॉलच्या समितीला ते हसणं रस्त्यावर ऐकू येऊ लागलं. कुलूप लागलं. आत अध्यक्षांच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या आल्या. आनंदी जाब विचारायला गेली. मी सोबत होते.

अध्यक्ष म्हणाले, "वयनी, हॉल सार्वजनिक आसा. बायलांचो अड्डो न्हय."

"मगे आमी कोण? गावातली गुरां?"

"तुमका घराकडे कामा नाय?"

"आसत. तुमच्या पेट्यांक नाय, म्हणान त्यो हॉलात जावन बसल्यो?"

समितीचे बाकीचे पुरुष तिथेच होते. गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणालेले. त्यांतला एकही बोलला नाही. एकही नाही.

त्यानंतर ती रोज दुपारी या हॉलच्या पायरीवर येऊन बसायची. आधी पुष्कळ जणी असायच्या. मग घराघरांत बोलणी बसली, तशा गळत गेल्या. शेवटी ती एकटी. परवा तिथेच गेली. कुलपाने तिला मारलं असं मी म्हणणार नाही. तिचं हृदय बंद पडलं. खोटं निदान मी आयुष्यात केलेलं नाही. पण ती बंद दाराला पाठ टेकून गेली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

पेट्या मागच्या अंगणात रचून ठेवल्यात. पाहिल्या मी. सभा संपली की परत आत येणार का?

गाऱ्हाण्याचा मान गावकारांचा. मी बाई, त्यात ख्रिस्ती. तरी आज मी घालते. ज्याने त्याने आपल्या देवाला ऐकवावं.

"बा देवा म्हाराजा! आनंदी ज्या दारार बसान गेली, ता दार परत बंद होवक नये रे म्हाराजा!"

नको. उत्तर आत्ता देऊ नका. तुमचं 'व्हय' मी एकदा ऐकलंय.

आता उभे राहा. तिच्यासाठी थोडा वेळ गप्प राहूया. ते तुम्हाला जमतं. मग सावकाश घरी जा. मी बाहेर पायरीवर बसणार आहे, आनंदीच्या जागेवर. कुलूप लावायचं असेल त्याने मला ओलांडून यावं.

आनंदी, नमस्कार गो तुका.

उभे राहा.