झग्याची दुसरी बाजू

मधुमती आजी : डोळे मीट अन्वी, आणि माझ्याबरोबर कल्पना कर. नव्वद वर्षांपूर्वीचं लंडन. एक बाई सकाळपासून राबतेय. लादी पुसली, कोळसा भरला, भांडी घासली. झगा पुढून पार मळलाय. आणि दारावर टकटक. आता ती काय करेल?

अन्वी : मला नाही इमॅजिन करायचं, आजी. शेजारच्या जेमिमा आजी पाचला त्यांचा हा झगा न्यायला येणार आहेत.

मधुमती आजी : म्हणून तर विचारतेय.

अन्वी : त्यांनी एकच सांगितलेलं. शाळेत घाल, सगळ्यांना दाखव, पण घालून जेवू नको. आणि मी घरी येऊन वरणभात खाल्ला.

मधुमती आजी : भूक लागली की होतं असं. साबण कुणी चोळला?

अन्वी : मीच. डाग यलो होती. साबण लावला तर रेड झाली.

मधुमती आजी : हळद आहे बाळा, साबणाला चिडते. नुसत्या पाण्याने खळबळली की परत पिवळी होईल. मग झगा दोन दिवस उन्हात टाकायचा, डाग उडतो.

अन्वी : इथे लंडनमध्ये? उन्हात?

मधुमती आजी : बरं, दोन आठवडे. स्टॅनमोरचं ऊन माझ्यासारखंच आहे. सावकाश, पण करतं काम.

अन्वी : हसू नको ना. त्या असे घरकामाचे जुने झगे कुठून कुठून शोधून आणतात. दर संडेला मला कपाट लावायला बोलावतात. आता नाही बोलावणार.

मधुमती आजी : ये इकडे. तो अंगावरचा झगा नीट बघ. बटणं आहेत का?

अन्वी : नाही. नुसते बंद. रॅप करून बांधायचा.

मधुमती आजी : आत्ता उजवी बाजू वर आहे, डागाची. बंद सोड. डावी वर घे, उजवी आत सरकव. बांध आता.

अन्वी : अगं... डाग गेली.

मधुमती आजी : गेला नाही, आत गेला. त्या बाईचं कळलं का आता? धुणं आठवड्यातून एकदा. मधे कुणी आलं, की ती एवढंच करायची आणि दार उघडायची.

अन्वी : कसलं स्मार्ट. म्हणजे जेमिमा आजींना कळणारच नाही.

मधुमती आजी : अशीच घडी करून दिलीस, तर आज नाही कळणार.

अन्वी : आणि संडेला?

मधुमती आजी : मला काय विचारतेस? झगा तुझ्या अंगावर आहे.

अन्वी : ती बाई मळलेली बाजू कुणापासून लपवायची?

मधुमती आजी : आल्यागेल्यापासून. पाहुण्यांपासून.

अन्वी : जेमिमा आजी पाहुण्या आहेत का?

मधुमती आजी : तीस वर्षं आपल्या फ्रिजमधून विरजण नेतेय, मराठीपण माझ्याकडूनच शिकली. तूच ठरव.

(दारावरची बेल वाजते.)

जेमिमा आजी : मधुमती, उघड गं. चहा टाकलायस की मीच टाकू?

मधुमती आजी : अन्वी उघडतेय. थांब जरा.

जेमिमा आजी : काय करतेय ती एवढं?

अन्वी : एक मिनिट हां, जेमिमा आजी. बंद सोडतेय. उजवी बाजू वर घेतेय. झालं. या आता.