या खेपेचं वाडगं

(वरदेच्या काठचं एक खेडं, जुना काळ. कुंभाराच्या अंगणात म्हातारी नीलव्वा मडकी थापटते आहे. तिचा धाकटा भाऊ, गावोगाव कवनं सांगत फिरणारा इरण्णा, छपराखाली आडवा झाला आहे. नीलव्वाची सून होन्नव्वा घरात आहे.)

नीलव्वा : पाय आखड. ओली मडकी आहेत ती, बसकी होतील. एवढ्या मुलखात लोळायला हीच जागा सापडली तुला?

इरण्णा : परक्याच्या ओसरीवर मला पाट देतात, अक्का.

नीलव्वा : देणारच. सकाळी तू जाणार, हे ठाऊक असतं त्यांना. इथं पौर्णिमेला आलास, अमावस्या झाली.

इरण्णा : मग दे की माझं वाडगं. दरसाल जुनं फुटतं, तू नवं देतेस, मी चालू पडतो. या खेपेलाच का अडलंय?

नीलव्वा : मडकी भाजायचा आवा लागायचाय अजून. लाकडं ओली आहेत.

इरण्णा : ऊन तर रणरणतंय.

नीलव्वा : कवनं तू कर. लाकडांचं मला कळतं. अगं होन्नव्वा, मामाला अंबील आण!

होन्नव्वा : आणली, आत्याबाई. मामा, दळताना आज तुमचंच कवन म्हटलं बघा,
दार आलं की कडी आली,
कडी आली की चोर;
उघड्यावरच्या झोपेला कसला आलाय घोर!

इरण्णा : दुसरं काही म्हणत जा गं.

होन्नव्वा : का? सगळा गाव हेच म्हणतो. बरं, तुमची झोळी धुवायला काढली, तर आत हे निघालं. वाडगं. धडधाकट! मग आल्या दिवशी आत्याबाईंपुढं तुकडे टाकलेत, ते कशाचे?

इरण्णा : ...वेशीबाहेर उकिरड्यावर खापरं पडली होती.

होन्नव्वा : अगंबाई! फसवलंत की आत्याबाईंना.

नीलव्वा : मला कोण फसवतंय? रांजणाचं खापर होतं ते, एवढं जाड. बघताक्षणी कळलं.

इरण्णा : मग बोलली का नाहीस?

नीलव्वा : बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी निघाला असतास. मान खाली घालून.

होन्नव्वा : म्हणजे लाकडं...

नीलव्वा : वाळलीत कधीची. तू अंबील ओत.

इरण्णा : अक्का, लोक काय म्हणतील? जन्मभर घरादाराला हसलो मी.

नीलव्वा : हसलास. माझ्या ओसरीवर, माझ्या हातची भाकरी खाऊन हसलास. मी काही म्हटलं?

इरण्णा : गेल्या महिन्यात एका देवळात तापानं पडलो होतो. शुद्ध आली, तर उशाशी दोघं बसलेले. माझंच कवन म्हणत होते, हेच, उघड्यावरच्या झोपेचं. मी पाणी मागितलं.

नीलव्वा : दिलं ना?

इरण्णा : म्हणाले, आधी एखादं नवं सांगा. शेवटचं.

होन्नव्वा : मुडदा बशिवला त्यांचा!

नीलव्वा : गप गं. इरण्णा, इकडं बघ. नदीकडं काय बघतोस? ताप उतरल्यावर कुठं गेलास?

इरण्णा : कुठंच नाही. तडक इकडं निघालो. खापरं वाटेत उचलली.

नीलव्वा : आणि आता?

इरण्णा : आता जायचं नाही मला, अक्का. अंधार पडला की भीती वाटते.