शहाणा कुत्रा

जनावरांच्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळता गुंडाळता कंपाउंडरचे कान बाकावरच्या दोघांकडे लागले होते.

"काका, कुत्रा आहे की पुतळा? आमची ही मनी शिंकली तरी गल्ली गोळा करते!"

"मुका नाही हो, मावशी. शेजारी कुरकुरायचे, म्हणून मीच शिकवलं. भुंकला की त्या दिवशी उपास."

"शहाणा गं बाई! झालंय काय त्याला?"

"पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. एवढं दुखत असताना ओरडला कसा नाही?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार, कपाळ!"

काका वाकले.

"ओरड रे राजा. आता ओरड. कोणी काही म्हणणार नाही."

कुत्र्यानं शेपटी हलवली आणि हात मिळवायला पंजा पुढे केला.